शिडाच्या बोटीचा पंखा: फिरू द्यावा की निजवावा?

इंजिन बंद केलं की शिडाच्या बोटीवर शांतता होते, असं म्हणतात. ते अर्धंच खरं. शिडात वारा भरतो, बोट चार-पाच नॉटने, म्हणजे ताशी सात ते नऊ किलोमीटरने, पळायला लागते आणि पायाखालच्या फळीतून एक आवाज यायला लागतो. बारीक, सलग गुरगुर, मांडीवर मांजर येऊन बसल्यासारखी. मित्राच्या छत्तीस फुटी बोटीवर हा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, इंजिन चालूच राहिलंय. फळी उचलून टॉर्च मारला तर इंजिन गप्प आणि त्याच्यामागचा शाफ्ट, म्हणजे पंख्याला फिरवणारा दांडा, मात्र आपला आपण गरगर फिरतोय. शिड बोटीला ओढत होतं, बोट पंख्याला ओढत होती आणि पाणी पंख्याला फिरवत होतं.

मघाशी बोटीला पुढे ढकलणारा पंखाच आता तिला मागे धरून ठेवत होता.

पंखा म्हणजे प्रोपेलर. कोकणातले मच्छीमार पंखाच म्हणतात, आपणही तेच म्हणू. शिडाच्या बोटीला इंजिन लागतंच. बंदरात शिरताना, वारा पडला की, नांगर उचलताना. इंजिन आलं की पंखा आला. वापर दिवसातून अर्धा तास, पण तो पाण्यात चोवीस तास. त्याची फुकटची ओढ कशी टाळायची, हा प्रश्न शिडाला इंजिनाची जोड मिळाली तेव्हापासूनचा आहे.

१८६० साली ब्रिटिश आरमाराने ‘वॉरियर’ नावाचं लोखंडी लढाऊ जहाज पाण्यात सोडलं. ते आजही पोर्ट्समथला बघायला मिळतं. शिडं आणि वाफेचं इंजिन, दोन्ही त्यावर होती. शिडावर जायचं ठरलं की शेकडो खलाशी दोर ओढून अनेक टनांचा तो पंखा पाण्यातून वर, जहाजाच्या पोटातल्या विहिरीत घेत, धुराडी दुर्बिणीसारखी खाली सरकवत आणि मग शिडं उघडत. उलट वाफेवर यायचं तर हुकूम सुटे, ‘अप फनेल, डाउन स्क्रू’. पंख्याच्या ओढीची त्या लोकांना किती धास्ती होती ते यावरून कळतं. आपल्या बोटीवर मात्र दोन माणसं, त्यातला एक चहा करतोय. वेगळा उपाय हवा.

हात खिडकीबाहेर

एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढू नये असं लिहिलेलं असतं. लहानपणी आपण सगळ्यांनी तो काढलाय. तळवा वाऱ्यासमोर सपाट धरला की हात मागे फेकला जातो. तोच तळवा आडवा, जमिनीला समांतर केला की वारा वरून-खालून निघून जातो आणि हाताला काही कळतही नाही. फेदरिंग पंख्याची सगळी कल्पना एवढीच आहे. इंजिन चालू असताना पाती तिरकी राहून पाणी मागे ढकलतात. इंजिन बंद झालं की तीच पाती आपल्या मुळाशी वळतात आणि पाण्याला फक्त कड दाखवतात.

जुन्या फ्लॅटच्या न्हाणीघरात काचेच्या पट्ट्यांची खिडकी असते ना, तशी. पट्ट्या आपल्या जागीच राहतात, फक्त वळतात. दुसरा एक प्रकार आहे, फोल्डिंग. त्यात पाती छत्रीसारखी मागे मिटतात. काम एकच, पण स्वभाव वेगळे. तिसरा प्रकार आपला नेहमीचा, न हलणाऱ्या पात्यांचा, म्हणजे फिक्स्ड पंखा.

मालवणला किनाऱ्यावर एका तांडेलांना मी हे वाळूत रेघा मारून समजावत होतो. त्यांच्या ट्रॉलरचा पंखा माझ्या कमरेएवढा, आणि तो कधी वळायचा वगैरे प्रश्नच नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे पंखो निजता म्हणा ना!” इतका नेमका शब्द मला दहा वर्षांत सुचला नव्हता. तेव्हापासून माझ्या लेखी फेदरिंग पंखा म्हणजे निजणारा पंखा.

तो निजतो कसा? पंख्याच्या मधल्या बोंडात, म्हणजे हबमध्ये, तिरक्या दात्यांची चाकं असतात, मोटारीच्या डिफरन्शियलमध्ये असतात त्याच जातीची. एक चाक शाफ्टवर आणि एकेक छोटं चाक प्रत्येक पात्याच्या मुळाशी. गिअर टाकला की शाफ्ट लगेच फिरतो, पण पाण्यात रुतलेलं बोंड जरा मागे रेंगाळतं. त्या फरकाने दाते पात्यांना वळवतात. ठरलेल्या कोनावर आतली अडणी लागते, पाती थांबतात आणि मग सगळा पंखा एकत्र फिरायला लागतो. रिव्हर्स टाकला की हाच प्रकार उलट्या दिशेने. इंजिन बंद झालं, शाफ्ट थांबला, की वाहत्या पाण्याच्या जोरानेच पाती वळून प्रवाहाच्या रेषेत येतात. तार नाही, बटण नाही. इटालियन मॅक्स-प्रॉप, जर्मन व्हॅरिप्रॉप, न्यूझीलंडचा प्लास्टिकसारख्या संमिश्र पात्यांचा किवीप्रॉप, प्रत्येकाची आतली रचना निरनिराळी, पण परिणाम हाच.

यातली मेख “शाफ्ट थांबला की” या शब्दांत आहे. शाफ्ट फिरत राहिला तर पात्यांना निजायला सवड मिळत नाही. म्हणून दोन-तीन नॉट वेग असताना, गिअर टाकलेलाच ठेवून इंजिन बंद करायचं आणि शाफ्ट खरंच थांबलाय का ते डोळ्यांनी बघायचं. हायड्रॉलिक गिअरबॉक्स असेल तर इंजिन बंद झाल्यावर तो शाफ्टला धरून ठेवत नाही, तिथे शाफ्टला वेगळा ब्रेक लागतो. हा खर्च विकणारा शेवटी सांगतो.

पन्नास किलोच्या कामावर सत्तावीस किलोचं पोतं

आता थोडी आकडेमोड. पस्तीस-छत्तीस फुटांची, सहा टनांची बोट घ्या. तिला सोळा इंची, तीन पात्यांचा फिक्स्ड पंखा आहे आणि पाती मिळून त्या गोलाचा निम्मा भाग झाकतात. बोट पाच नॉटने, म्हणजे ताशी साधारण नऊ किलोमीटरने चालली आहे. या वेगाला अशा बोटीचं अंग पाण्यातून ओढायला साधारण पन्नास किलो वजनाइतका जोर लागतो.

बोट आखताना वापरतात ती ढोबळ गुणकं लावून मी पंख्याचा हिशेब केला. गिअर टाकून शाफ्ट घट्ट धरून ठेवला तर पंख्याची ओढ साधारण २७ किलो. तोच पंखा मोकळा फिरू दिला तर ६ ते ७ किलो. निजवलेला असेल तर जेमतेम सव्वा किलो.

पहिला आकडा परत वाचा. पन्नास किलोच्या कामावर सत्तावीस किलोचं जादा ओझं. तांदळाचं भरलेलं पोतं दोरीने मागे बांधून पाण्यातून ओढत नेल्यासारखं. जाहिरातीत “एक नॉट वेग वाढतो” असं छापतात ते या परिस्थितीत फार खोटं नसतं.

पण दुसरा आकडाही वाचा. मोकळा फिरणारा आणि निजणारा, यांच्यातला फरक फक्त पाच-सहा किलोंचा आहे. जाहिरातीतली तुलना नेहमी घट्ट धरलेल्या पंख्याशी असते, कारण फरक तिथेच डोळ्यांत भरतो. ज्यांचा पंखा आधीपासून मोकळा फिरतोय त्यांना एक नॉट मिळणार नाही. पाव मिळेल, फार तर अर्धा.

इथे बंदरातले जुने खलाशी हरकत घेतील. “मोकळा फिरणारा पंखा जास्त ओढतो. फिरतो म्हणजे पूर्ण थाळीच पाण्यासमोर उभी राहते.” हा वाद जगातल्या प्रत्येक जेट्टीवर ऐकू येतो आणि दाखला हेलिकॉप्टरचा देतात. इंजिन बंद पडलं तरी फिरणारी पाती त्याला सावकाश खाली आणतात, थांबलेली पाती आणणार नाहीत. दाखला बरोबर आहे, लागू मात्र होत नाही. हेलिकॉप्टर तसं उतरतं तेव्हा त्याची पाती जवळजवळ सपाट असतात, बोटीच्या पंख्याची बरीच तिरकी. ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात यावर रीतसर प्रयोग झाले आणि २००८ साली ते प्रसिद्धही झाले. बोटीच्या साध्या पंख्याच्या बाबतीत, शाफ्ट फारसा न अडखळता फिरत असेल तर मोकळा सोडलेलाच कमी ओढतो. अट तेवढी लक्षात ठेवायची. शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवणारी पॅकिंगची ग्रंथी करकचून आवळलेली असेल तर पंखा रडतखडत फिरतो आणि त्याची ओढ घट्ट धरलेल्या पंख्याकडे सरकत जाते.

मग मोकळाच का सोडू नये? सोडावा, गिअरबॉक्सच्या पुस्तकात परवानगी असेल तर. काही गिअरबॉक्स इंजिन बंद असताना शाफ्ट फिरत राहिला तर आतून कोरडे पडतात. काही कंपन्या उलट न्यूट्रलमध्येच ठेवा म्हणून बजावतात. जेट्टीवरच्या मतांपेक्षा इथे पुस्तक मोठं. शिवाय मोकळा शाफ्ट म्हणजे बेअरिंगची झीज, आणि ती गुरगुर. दोन दिवस सलग ऐकलीत की ती वजनाच्या आकड्यांत का मोजत नाहीत असा प्रश्न पडतो.

जोराच्या वाऱ्यात फरक कमी

पंख्याची ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. तीन नॉटला घट्ट पंखा दहा किलोंनी ओढतो, तर सहाला चाळीसच्या आसपास. यावरून वाटेल की जोराच्या वाऱ्यात निजणाऱ्या पंख्याचा फायदा जास्त. होतं उलट.

बोट पाणी कापते तेव्हा स्वतःचीच एक लाट उभी करते. पाण्यातली लांबी तीस फूट असेल तर सात-सव्वासात नॉटच्या आसपास बोट त्या लाटेच्या खळग्यात अडकते आणि पुढे प्रत्येक पाव नॉटसाठी दामदुप्पट जोर मोजावा लागतो. तिथे अंगाचाच विरोध पाच नॉटच्या कितीतरी पट झालेला असतो, पंख्याचे पन्नास किलो त्यात विरून जातात. हलक्या वाऱ्यात चित्र वेगळं. शिडात जोरच कमी, त्यातला मोठा वाटा पंखा खातो. तेव्हा ही पाती निजली आहेत की जागी, यावर बोट चालते की रेंगाळते ते ठरतं.

आपल्या किनाऱ्यावर ही गोष्ट जास्त खरी आहे. नोव्हेंबर ते मार्च हा इथला शिडाचा हंगाम. दुपारी वायव्येकडून खारा वारा येतो, संध्याकाळी मावळतो आणि रात्री जमिनीवरून मतलई सुटतो, तोही अनेकदा नावापुरता. मुंबई ते गोवा सागरी मार्गाने साधारण २२० सागरी मैल. सरासरी पाच नॉट पडले तर ४४ तास, साडेपाच पडले तर ४०. चार तास वाचले, ठीक आहे. पण हंगामातल्या रात्री खरी गोष्ट वेगळीच घडते. वेग तीनच्या खाली येतो, कोणीतरी घड्याळ बघतं, कोणीतरी म्हणतं “लाव रे इंजिन”, आणि शिडाची सफर तिथे संपते. निजणारा पंखा तो तीनचा आकडा साडेतीनवर नेतो. किल्लीकडे गेलेला हात मागे येतो. माझ्या मते विकत घ्यायचं ते एवढंच, आणि ते कमी नाही.

रिव्हर्सची गोष्ट

वेगाच्या बोलण्यात एक फायदा मागे राहतो. तो रोज उपयोगी पडतो, म्हणून त्यावर जरा थांबतो.

घरातला टेबलफॅन मागून बघा. वारा पुढे फेकायला त्याच्या पात्यांना बाक दिलेला असतो. त्याला उलटा फिरवला तर वारा मागे जाईल, पण कसाबसा, कारण बाक चुकीच्या बाजूला आणि कडही उलटी. फिक्स्ड पंख्याचं रिव्हर्समध्ये असंच होतं. गाडीसारखा ब्रेक बोटीला नसतो. जेट्टीला लागताना थांबायचं ते रिव्हर्सवरच, आणि नेमकं तिथे पंखा अर्ध्या मनाने काम करतो. वर बोटीचं ढुंगण एका बाजूला सरकवतो ते वेगळंच.

फोल्डिंग पंख्याची अडचण आणखी गमतीची. त्याची पाती फिरण्याच्या झोकाने बाहेर उघडतात. रिव्हर्समध्ये पाण्याचा रेटा त्यांना परत मिटवायला बघतो. जुन्या दोन पात्यांच्या फोल्डिंगवर लोक रिव्हर्सला भरपूर एक्सिलेटर देतात, काही क्षण काहीच होत नाही आणि मग सगळं एकदम होतं. डेन्मार्कच्या गोरी, फ्लेक्सोफोल्ड वगैरेंनी पात्यांना दात्यांनी जोडून आणि आकार सुधारून हे बरंच आटोक्यात आणलंय.

निजणारा पंखा रिव्हर्सला पातीच फिरवून घेतो. पुढे जाताना जी कड पाणी कापत होती तीच मागे येतानाही कापते. म्हणून जोर दोन्हीकडे जवळपास सारखा. पहिल्या दिवशी जुन्या सवयीने एक्सिलेटर दिला तर बोट जागच्या जागी थांबते आणि पुढे उभा असलेला माणूस थांबत नाही. गिअर बदलताना मात्र आधी इंजिन मंद करायचं. पाती वळून अडणीवर आदळतात तो ‘खट्ट’ आवाज ऐकू येतो, आणि तो जितका मोठा तितकी आतल्या दात्यांची झीज.

याची किंमत पुढे जाताना द्यावी लागते. फिक्स्ड पंख्याच्या पात्याला मुळापासून टोकापर्यंत पीळ असतो, कारण टोक जास्त वेगाने फिरतं. निजायचं तर पीळ चालत नाही, पिळाचं पातं कडेवर कधी सरळ उभं राहत नाही. त्यामुळे फेदरिंगची पाती बहुधा सपाट, आणि इंजिनावर पुढे जाताना थोडी कमी कार्यक्षम. इंजिनावरच जास्त फिरणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. भरपाई म्हणून पिच, म्हणजे पात्यांचा तिरकेपणा, बदलता येतो. फिक्स्ड पंख्यावर १६ बाय १२ असं कोरलेलं असतं. सोळा इंच व्यास, आणि एका फेऱ्यात घट्ट पदार्थातून तो बारा इंच पुढे गेला असता, असा त्याचा अर्थ. हा दुसरा आकडा गरजेपेक्षा जास्त असला तर इंजिन पूर्ण फेऱ्यांना पोचत नाही, काळा धूर सोडतं. फिक्स्ड पंखा मग वर्कशॉपला नेऊन ठोकून घ्यावा लागतो. फेदरिंगमध्ये कोन हबमध्येच बदलता येतो, काही मॉडेलांत नुसता बाहेरून स्क्रू फिरवून.

ग्रीसचा दिवस

कोकणात जूनच्या आधी होड्या वर ओढून शाकारतात. शिडाची बोटही पावसाळ्यात क्रेनने वर येते, आणि निजणाऱ्या पंख्याचं वर्षाचं काम तेव्हाच असतं.

आधी खरवडायचं. आपल्या कोमट पाण्यात बोट काही आठवडे नुसती उभी राहिली तरी बार्नेकल, म्हणजे घट्ट चिकटणारे कवचाचे बारीक जीव, पंख्यावर वस्ती करतात. फिक्स्ड पंख्याचं त्याने फक्त काम बिघडतं. फेदरिंगमध्ये एखादा पात्याच्या मुळाशी, वळायच्या फटीत बसला तर पाती नीट वळत नाहीत, कारण आतल्या दात्यांनी ती सगळी एकमेकांना जोडलेली असतात. 

मग हबवरचा छोटा स्क्रू काढून तिथे ग्रीसचं निपल लावायचं आणि गनने ग्रीस भरायचं. पात्यांच्या मुळातून आधी जुनं ग्रीस बाहेर येतं. ते काळपट असेल तर ठीक. दुधाळ, ताकासारखं असेल तर पाणी आत शिरलंय. ताजं ग्रीस दिसेपर्यंत दाबत राहायचं, निपल काढून स्क्रू परत बसवायचा. आता पातं दोन बोटांनी ढकलून बघायचं. सहज वळलं पाहिजे, पण डुगडुगता कामा नये. डुगडुगत असेल तर दाते झिजले, आणि मग पंखा दुरुस्तीला बहुधा ज्या देशातून आला तिथेच पाठवावा लागतो.

शेवटी जस्त. हबच्या टोकाला जस्ताचा एक तुकडा असतो. खाऱ्या पाण्यातलं गंजणं तो स्वतःवर घेतो, म्हणजे ब्राँझ वाचतं. अर्ध्याहून जास्त झिजला असेल तर बदलायचा. दोन-तीन हजारांचा हा तुकडा वेळेवर न बदलल्यामुळे आतले दाते खाल्ले गेलेला लाखांचा पंखा मी पाहिलाय. वाईट वाटतं.

जाळ्यांचंही सांगायला हवं, कारण रात्री कोकण किनाऱ्याने जाताना भीती वादळाची नसते, जाळ्यांची असते. फिक्स्ड पंखा, त्यातून मोकळा फिरणारा, दोर सापडला की सूत गुंडाळल्यासारखा गुंडाळून घेतो. निजलेल्या पंख्यावरून दोर सुटून जायची शक्यता जास्त. मिटलेल्या फोल्डिंगवरून त्याहूनही जास्त. इंजिन चालू असेल तर मात्र तिघेही सारखेच, आणि चाकू घेऊन पाण्यात उतरावं लागतं.

तास मोजा

साध्या तीन पात्यांच्या ब्राँझ पंख्याची किंमत शेकडो डॉलरमध्ये, फेदरिंगची हजारोंमध्ये. वाहतूक, आयात शुल्क, बसवणं धरून मी हिशेबाला तीन लाख रुपये घेतो. दहा वर्षं टिकला तर वर्षाला तीस हजार.

मित्राची लॉगबुक आम्ही एका संध्याकाळी घेऊन बसलो. वर्षात शिडावरचे तास १४०. त्यातले वारा हलका असलेले, म्हणजे फरक जाणवेल असे, ६०. तीस हजार भागिले साठ, तासाला पाचशे रुपये. तासाला अर्धा मैल जादा मिळेल असं उदारपणे धरलं तरी एका सागरी मैलाला हजार रुपये पडले. मांडवीत रविवारी फिरायला ही टॅक्सी महाग आहे.

आता लांब पल्ल्याचा माणूस घ्या. वर्षाला दीड हजार तास शिडावर, त्यातले सातशे हलक्या वाऱ्याचे. तासाला त्रेचाळीस रुपये. त्या सातशेपैकी दीडशे तास जरी इंजिन लावायचं टळलं, तरी तासाला अडीच लिटर आणि लिटरला नव्वद रुपये धरून तेहतीस हजारांवर डिझेल वाचलं. पंखा स्वतःचा हप्ता स्वतःच भरतोय.

शर्यतवाल्यांचं गणित निराळं. हँडिकॅप, म्हणजे निरनिराळ्या बोटींना एका पातळीवर आणणारी वेळेची सूट, काढताना पंखा कोणत्या जातीचा ते विचारतात आणि फिक्स्डवाल्याला सवलत देतात. म्हणजे नवा पंखा लावून मिळवलेल्या वेगातला काही भाग कागदावर परत जातो. आणि बोटीला विजेची मोटर असेल तर प्रश्नच फिरतो. शिडावर असताना पंखा मोकळा फिरवून बॅटरी भरता येते, तिथे ओढ हाच इंधनाचा पंप.

तीन लाखांच्या आधी करण्यासारखी एक स्वस्त युक्ती जुन्या धाटणीच्या बोटींकडे आहे. ज्यांचा पठाण, म्हणजे कील, नाळेपासून सुकाणूपर्यंत सलग असतो त्या बोटी. मुंबईत १९६० च्या दशकात सागवानात बांधलेली आणि पुढे न थांबता एकट्याने केलेली पहिली पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून आलेली ‘सुहैली’ याच घडणीची. अशा बोटीत पंखा कीलच्या लाकडामागे असतो. त्याला दोनच पाती असतील आणि ती उभी थांबवली, तर लाकडाच्या सावलीत लपून जातात. शाफ्टवर रंगाची एक रेघ मारायची. रेघ वर आली की पाती उभी. इंजिन बंद करून शाफ्ट हाताने फिरवायचा, रेघ वर आणायची, गिअर टाकायचा. खर्च रंगाच्या डबीचा. मित्राच्या बोटीला मागे असं लाकूडच नाही, म्हणून आम्हाला ते जमलं नाही.

आम्हाला जमलं ते मोजणं. दुपारचा एकसारखा वारा, एकच दिशा. दहा मिनिटं गिअर टाकून शाफ्ट थांबवलेला, दहा मिनिटं न्यूट्रलमध्ये मोकळा, असं चार वेळा, जीपीएसवर सरासरी वेग लिहीत. त्याच्या गिअरबॉक्सला मोकळं फिरणं चालतं हे आधी पुस्तकात पाहून घेतलं होतं. घट्ट असताना ४.३, मोकळा असताना ४.८. मिळण्यासारख्या वेगातला मोठा हिस्सा असा एका दांड्याच्या हालचालीत, फुकट मिळाला. त्याने त्या वर्षी पंखा घेतला नाही, आणि माझ्या मते बरोबर केलं.

दोन वर्षांनी घेतला. कोची, लक्षद्वीप, मालदीव असा पाच महिन्यांचा बेत ठरला आणि लॉगबुकमधले तास कागदावरच दहापट झाले. पहिल्याच दिवशी जेट्टीला लागताना त्याने सवयीने रिव्हर्स दाबला आणि मी पुढच्या कठड्यावर आपटलो. रात्री मतलईत इंजिन बंद केलं, गिअर टाकलेलाच ठेवून. मी फळी उचलून टॉर्च मारला. शाफ्टवरची रेघ जागच्या जागी, हलत नव्हती. वर त्याला ओरडून सांगितलं, “निजला!”

गुरगुर गेली. आता फ्रिजचा कॉम्प्रेसर ऐकू येतो, आणि त्याने तो बदलायचं घेतलंय.